ला-काका

आमच्या सोसायटीतली पोरं त्यांना ला-काका म्हणतात. तळमजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि त्यांचं दर चौथं वाक्य झोजी ला, फोतू ला, तंगलंग ला यांतल्या कशावर तरी संपतं. काकू मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या मते 'ला' हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय आहे आणि तो लागला की माणसाने उठून कुठेतरी जायचं असतं. काका गेली दहा वर्षं उठलेले नाहीत.

"खारदुंग ला खिंड म्हणू नका हो," ते कळवळून सांगतात. "ला म्हणजेच खिंड. खिंड-खिंड होतं ते."

काकांचा लडाखचा बेत असा : श्रीनगरकडून चढायचं, लेह गाठायचं, मनालीकडे उतरायचं. आल्या वाटेने परतणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आणि 'उलटं केलं तर?' असं विचारलंत की संपलात. "श्रीनगरकडून हाइट पचत जाते. झोजी ला साडेअकरा हजार फूट, फोतू ला साडेतेरा, मग लेहला पुन्हा साडेअकरा. मनालीकडून निघालात तर दुसऱ्याच रात्री सरचूला चौदा हजारांवर झोपणार. झोपणार कसले, तंबूचं छत बघत पडणार!"

हे सगळं दोनशे पानी वहीत शिसपेन्सिलीने लिहिलंय. शिसपेन्सिलीने, कारण रस्ते बदलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला तेव्हा काकांच्या घरात सुतकी कळा होती. रोहतांगसाठी राखलेले तीन तास नऊ किलोमीटरच्या भोकात गडप झाले होते. "आता या तीन तासांचं मी करू काय?" हे त्यांनी मला अगदी खरोखर विचारलं. शेवटी ते तास 'बफर' या खात्यात जमा झाले. सवय जात नाही माणसाची.

एकदा मी त्यांच्या रंगीत तालमीत सापडलो. ताम्हिणीने उतरायचं, माणगाव-महाड करून वरंध्याने वर, भोरमार्गे पुण्यात परत. पहाटे चारला गाडी काढली. चारला का? "दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं." फेब्रुवारी महिना होता. ताम्हिणीतल्या नाल्यांत दगड सोडून काही नव्हतं, पण शिस्त ती शिस्त. पौडच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो. टाकीत सव्वा लिटर मावलं. पंपावरच्या पोराने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. काका मात्र गंभीर. मनाली-लेह वाटेवरच्या टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी आहे म्हणे. तिथे जाऊन सवय लावू म्हटलं तर उशीर झालेला असतो. वरंध्याच्या माथ्यावर त्यांनी माझी नाडी धरली आणि विचारलं, "डोकं जड वाटतंय?" वाटत होतं. झोप झाली नव्हती.

मी काकांची मनसोक्त टिंगल करत असे. मग गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा दोन मित्रांबरोबर बाइकवर लडाखला गेला. वही नाही, बफर नाही, वर मनालीकडून. काकांनी त्याला जिन्यात गाठून पाऊण तास सांगितलं. तो "हो काका, हो काका" करत निसटला. केलाँगहून आईला फोन केला : उद्या सरचू, परवा लेह. त्यानंतर फोन बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बाईंचा जीव टांगणीला. काका वही घेऊन वर गेले. म्हणाले, "वहिनी, आपल्याकडचं प्रीपेड कार्ड तिकडे चालतच नाही. आणि सरचूला रेंज कुठली? फोन न येणं हेच बरोबर आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डोकावलो तर दोघं चहाचे कप समोर ठेवून बसलेली. काका घड्याळ बघत होते. "आता गाटा लूप्स. एकवीस वळणं आहेत, पोरं मोजत असतील. आता नकी ला, लाचुंग ला. आता पांग, तिथे जेवेल. मॅगीच मिळते, पण गरम मिळते. आणि आता मोरे मैदान, चाळीसेक किलोमीटर सरळ रस्ता."

"मोरे? आपले मोरे?" बाईंनी विचारलं.

"नावापुरतेच. पण समजा आपलेच," काका म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या.

साडेसतरा हजार फुटांना थोडाच कमी असा तंगलंग ला काकांनी त्यांना दोन बिस्किटांत पार करून दिला. सहाला लेह यायला हवं होतं. सहा वाजले. सव्वासहा. काका वहीची पानं उगाच उलटू लागले. साडेसहा. काकूही वर येऊन बसल्या. सात वाजून दहा मिनिटांनी हॉटेलवाल्याच्या फोनवरून आवाज आला, "आई, पोचलो गं. सरचूला रात्रभर डोकं ठणकत होतं."

"सांगितलं होतं," काका पुटपुटले, पण अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसून खोडरबर चालवत होते. पांग ते तंगलंग : दोनाचे तीन तास केले.

"मोरे मैदानात थांबला असणार," मला म्हणाले. "थांबावंसं वाटणारच तिथे."