सोपा ते माडी, व्हाया मेन स्विच

पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे घरातल्या विजेच्या तारांमधूनच इंटरनेट नेणारी डब्यांची जोडी. एक डबी राऊटरजवळच्या प्लगात खोचून लॅनच्या वायरीने राऊटरला जोडायची, दुसरी जिथे नेट पोचत नाही त्या खोलीत खोचायची. मधे नवी तार लागत नाही आणि भिंतीला भोक पाडावे लागत नाही. डबी एकटी घेऊन उपयोग नसतो. एकटी डबी दिवा लावून जोडीदाराची वाट पाहत बसते आणि तेवढ्यासाठी वीज खाते.

शाहूवाडी तालुक्यात अशा डबीची गरज भासण्याचे कारण भिंतीत आहे. मलकापूर-बांबवड्यातल्या नव्या स्लॅबच्या घरांचे सोडा. आंब्याकडची, विशाळगडाच्या वाटेवरची जुनी घरे दगड-मातीची, नाहीतर जांभ्याची. भिंती हात-दीड हात जाड. त्या बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाऊस होता, वारा होता, प्रसंगी भाऊबंदही असतील, वायफाय नव्हते. वायफायची लहर २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झची. तिचा आणि पाण्याचा छत्तीसचा आकडा, आणि या भागात पावसाळाभर भिंत ओल धरून असते. माडीवर पत्रा असेल तर उरलीसुरली लहर त्यावर आपटून आल्या वाटेने परत जाते.

राऊटर मात्र नेहमी सोप्यात. फायबर खांबावरून तिथे येते आणि जोडणाऱ्या माणसाला त्याच दिवशी आणखी चार घरे उरकायची असतात. शिवाय राऊटर ही पाहुण्यांना दिसण्याजोगी वस्तू आहे, अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत असते. त्यामुळे तो वाडवडिलांच्या फोटोंच्या रांगेत विराजमान होतो आणि ज्याला परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे तो माडीवर, खिडकीबाहेर मोबाईल धरून उभा राहतो.

डबीचे काम समजायला अवघड नाही. घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. डबी त्याच तारेवर दुसरी, अगदी क्षीण लहर चढवते. तिची आवर्तने सेकंदाला २० लाखांपासून सुमारे ३ कोटींपर्यंत, म्हणजे २ ते ३० मेगाहर्ट्झ. नव्या जातीच्या डब्या ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. दोन लहरींत इतके अंतर असल्यामुळे पलीकडची डबी त्यांना सहज वेगळे करते. हा पट्टा हजारभर अरुंद पट्ट्यांत विभागलेला असतो. ज्या पट्टीवर गोंगाट आहे तिथे डबी कमी बोलते किंवा बोलतच नाही, आणि शांत पट्टीवर सगळे सांगून घेते. एकत्र कुटुंबात नव्याने आलेल्या सुनेला हे तंत्र कोणी शिकवावे लागत नाही.

वीजबिल वाढेल का, हा आजीचा प्रश्न रास्त आहे. एक डबी साधारण दोन-चार वॉट घेते, म्हणजे देवघरातल्या छोट्या बल्बाइतकी. संध्याकाळी व्होल्टेज उतरून ट्यूब नुसती फडफडते, तेव्हाही डबी चालू राहते. ती १०० व्होल्टवरही काम करायला बनवलेली असते. ट्यूब बंद आणि नेट चालू, ही प्रगती काहींना उलटी वाटते.

विजेच्या तारेवरून बोलण्याची कल्पना जुनी आहे. वीज मंडळाची उपकेंद्रे कित्येक वर्षे उच्चदाबाच्या तारांवरूनच एकमेकांशी बोलत आली. उपकेंद्राच्या आवारात तारेला पिंपासारखे वेटोळे टांगलेले दिसते, तो वेव्ह ट्रॅप; बोलणे भलत्या वाटेला जाऊ नये म्हणून तो लावतात. अमेरिकेत लष्करी अधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी १९२० च्या दशकात विजेच्या तारांवरून घरोघर संगीत पोचवण्याचा उद्योग काढला. त्यातून पुढे म्युझॅक ही कंपनी उभी राहिली आणि दुकानांत, हॉटेलांत कोणी न मागितलेले संगीत वाजू लागले. घरातल्या नेटसाठी पहिले होमप्लग मानक २००१ मध्ये आले, वेगवान आवृत्ती २००५ मध्ये, आणि २०१० मध्ये आयईईई १९०१ या नावाने त्याला रीतसर मान्यता मिळाली. हौशी रेडिओवाल्यांचा विरोध पहिल्यापासून होता, कारण हा पट्टा शॉर्टवेव्हचाच. १९५० च्या दशकात बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे, तेव्हा घरात ही डबी असती तर अमीन सायानी यांच्या आवाजात खरखर मिसळली असती आणि डबीची रवानगी परड्यात झाली असती.

इथवर सारे सरळ आहे. पुढे वायरिंग येते आणि इथेच या यंत्राचा खरा स्वभाव कळतो. ते नेट पुरवते, त्याहून जास्त ते घराचा इतिहास बाहेर काढते.

जुन्या घरात वायरिंग एकदम झालेले नसते. आजोबांच्या काळात लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून दोन बल्बांपुरती तार आली. थोरल्याच्या लग्नाला मांडवासाठी तिच्यातून फाटा काढला, तो मांडव गेला तरी राहिला. टीव्ही आला तेव्हा पीव्हीसीची पट्टी, मागची खोली बांधली तेव्हा भिंतीतल्या पाइपातले वायरिंग. प्रत्येक पिढीच्या तारेला मागच्या पिढीच्या तारेशी पीळ देऊन वर काळी टेप. बल्बाला आणि पंख्याला या जॉइंटांचे काही वाटत नाही. डबीची लहर प्रत्येक जॉइंटपाशी थोडी अडते, थोडी मागे फिरते. शिवाय तिला भिंतीपलीकडे जाता येत नाही. सोप्यातून ती मेन स्विचपर्यंत जाते आणि तिथून दुसऱ्या लाइनीने माडीवर चढते. हाकेच्या अंतरावरची खोली तिच्या लेखी गावाच्या दुसऱ्या टोकाला असू शकते.

घराची वाटणी झाली असेल तर प्रकरण आणखी नाजूक. दोन भाऊ, दोन मीटर. लहर मीटर ओलांडून पलीकडे गेलीच तर दमलेली असते, बहुधा जातच नाही. घरात थ्री फेज असेल, पिठाची गिरणी किंवा मोठी मोटर असेल, तर दोन डब्या वेगवेगळ्या फेजवर पडू शकतात आणि मग त्यांची गाठ नशिबाने पडते. गावाकडे एक फेज गेला की चेंजओव्हर ओढून घर दुसऱ्या फेजवर टाकायची पद्धत आहे. अर्धेच घर टाकले तर दिवे येतात आणि नेट जाते. नेट का गेले, हे वायरमनलाही सांगता येत नाही. त्याच्या टेस्टरमध्ये दिवा लागलेला असतो.

गोंगाटाचे उगम घरभर असतात. स्वस्त मोबाईल चार्जर आणि स्वस्त एलईडी बल्ब दिवसभर कुरकुरतात. खरा दणका मिक्सरचा, कारण त्याच्या मोटारीत कार्बनच्या ब्रशांपाशी सतत ठिणग्या उडतात. रविवारी पांढऱ्या रश्श्यासाठी खोबरे-खसखस वाटले जात असताना माडीवर व्हिडिओ अडकला, तर तक्रार करण्यापूर्वी जेवणाचा विचार करावा.

डबी थेट भिंतीवरच्या प्लगातच खोचावी. स्पाइक गार्डची पट्टी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी असते आणि डबीची लहर तिला गोंगाटच वाटते. राऊटरजवळची डबी इन्व्हर्टरच्या लाइनीवर आणि माडीवरची थेट लाइनीवर असेल तर जुळेलच असे नाही; लाईट गेल्यावर तर एक जागी आणि दुसरी झोपलेली. बऱ्याच डब्यांना गोल पिनांचे परदेशी प्लग असतात, ते पाहून घ्यावे. काही जाती वेग वाढवायला अर्थिंगची तारही वापरतात. दोन पिनांचा जोड लावला की ती सोय संपते. भरवशाचे अर्थिंग नसेल तर डबीच्या आधी त्याची सोय करावी, कारण तो नेटचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

डब्यांवर एक बटण असते. एकीचे दाबल्यावर साधारण दोन मिनिटांत दुसरीचे दाबावे लागते. मग दोघींची सांकेतिक किल्ली ठरते. हे टाळले तर दोन्ही डब्या कारखान्यातल्या सामायिक किल्लीवर राहतात आणि त्याच लाइनीवरच्या शेजाऱ्याने तीच जात आणली तर तोही त्या नेटात सामील होऊ शकतो. बटण दाबायला जिन्यावरून धावण्याची गरज नाही. दोन्ही डब्या सोप्यातल्या एकाच बोर्डावर शेजारी बसवून लग्न लावावे आणि मग एकीला माडीवर पाठवावे.

खोक्यावरचे आकडे उदार असतात. ६०० एमबीपीएस लिहिलेल्या कित्येक डब्यांचे लॅनचे तोंडच १०० चे असते. त्या ६०० मध्ये जाण्याचा आणि येण्याचा वेग एकत्र धरलेला असतो, तोही प्रयोगशाळेतल्या तारेवरचा. जुन्या वायरिंगवर तीस-चाळीस मिळाले तरी फॉर्म भरणे, तासाला बसणे, पुण्यातल्या नातवाचा चेहरा पाहणे, सगळे होते.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग गडगडले की टीव्हीबरोबर दोन्ही डब्याही काढून ठेवाव्यात. अडचण पुढे येते. ढग जातात, टीव्ही परत लागतो, आणि डबीच्या जागी कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. या यंत्राच्या बऱ्याच बिघाडांचे कारण एवढेच असते. ज्या डबीला पाठीवर दुसरे काही खोचायला स्वतःचा प्लग आहे ती थोडी महाग पडली तरी घ्यावी.

लॅनची तार ओढता येत असेल तर सरळ तीच ओढावी. शंभर मीटरपर्यंत ती पुरा वेग देते, फक्त उंदरांपासून जपावी लागते. भिंत फोडता येत नसेल, मीटर एक असेल आणि वायरिंग बऱ्यापैकी नवे असेल, तर डब्यांची जोडी चांगली चालते. वायरिंग तीन पिढ्यांचे असेल तर मात्र परत करण्याच्या बोलीवरच घ्यावी, आणि पावती जपून ठेवावी.