शंभरी भरल्यावर चहा

 वाद कोलकात्याच्या दमदम विमानतळाच्या मालकीचा. २००६ साली दिल्ली-मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले. कर्मचारी संपावर उतरले. डाव्यांच्या कोलकात्यातलं दमदम मात्र सरकारकडेच राहिलं. मुंबईने प्रगती केली: आधी जीव्हीके, २०२१ पासून अदानी. मालक बदलला, पण विमानतळावरच्या चहाचा भाव काही जमिनीवर उतरला नाही.

सरकारी दमदमही कुठे उदार होतं? डिसेंबर २०२४मध्ये विमानतळाची शंभरी भरली, तेव्हा कुठे ‘उडान यात्री कॅफे’त दहा रुपयांचा चहा मिळू लागला. थोडक्यात, चहा स्वस्त करायला सरकारला शतक लागतं. महाग करायला खासगी मालकाला एक निविदा पुरते.