नानांची ट्रायल

नानांचं आडनाव विचारे नाही. कागदोपत्री ते भलतंच काहीतरी आहे, पण आमच्या सव गावात त्या नावाने चौकशी केलीत तर कुणी घर दाखवणार नाही. ‘विचारे नाना’ म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा हात धरून नेऊन पोचवतं. कारण सरळ आहे. २०१८ साली मुंबईची गोदीतली स्टोअरकीपरची नोकरी संपवून नाना गावी आले, डॉक्टरांनी साखरेसाठी सायकल चालवायला सांगितली, आणि तेव्हापासून कुणीही “काय नाना, घेतलीत का सायकल?” असं विचारलं की एकच उत्तर येतं : “विचार करतोय.”

मला सायकल हवी होती ती काही पराक्रम गाजवायला नव्हे. रविवारी सकाळी भातखाचरांमधून जाणाऱ्या रस्त्याने रमतगमत तासभर फिरावं, वाटेत कुठेतरी चहा घ्यावा, ऊन तापायच्या आत घरी यावं. खिशात आठ हजार. एवढ्याशा कामाला सल्ला कशाला? पण घरचे म्हणाले, “नानांना न विचारता घेतलीस तर ते वाईट वाटून घेतील.” आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि सायकलची पहिली बातमी नानांना, अशी पद्धत पडली आहे.

नाना कुंडावर भेटले. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर लोक कुठून कुठून गुडघे, कंबर आणि खरूज घेऊन येतात. नाना गावचेच असल्यामुळे त्यांना दुखण्याची अट नाही. पायरीवर बसायचं, लेंगा गुडघ्यापर्यंत सरकवायचा, पोटऱ्या पाण्यात सोडायच्या आणि सल्ला द्यायचा. मी शेजारी बसून विषय काढला. नानांचे डोळे हळूहळू मिटले.

“जाणार कुठे?”

“कुठे म्हणजे, असंच. फिरायला.”

“असंच नावाचा रस्ता मला माहीत नाही. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर चढणार आहेस?”

“छे हो.”

“रायगडला, पाचाडपर्यंत?”

“कधीतरी गेलो तर...”

“कधीतरी जायला एस.टी. आहे. रोज कुठे जाणार ते सांग.”

मी म्हटलं, गावातून महाडकडे आणि परत. नानांनी एक डोळा उघडला. “मग गिअर कशाला? सावित्री महाबळेश्वरला निघते आणि आपल्याकडे येते ती तेराशे मीटर खाली उतरून. उतरायचं होतं ते तिने उतरून घेतलं. आपल्या वाट्याला आलं ते सपाट. त्या सपाटावर एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन, मागे सात. त्यातले तू वापरणार तीन. उरलेले अठरा गंजायला ठेवणार.”

गंजाचा मुद्दा नानांचा लाडका. महाडच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जूनमध्ये अंगणात विसरलेली कोयती सप्टेंबरात ओळखू येत नाही, तिथे सायकलच्या मागच्या चाकापाशी लोंबणाऱ्या त्या नाजूक गिअरची काय कथा? शिवाय सायकल एकदा उजव्या अंगावर पडली की तो गिअर वाकतो आणि चेन वाट्टेल त्या दात्यावर उड्या मारते. “आणि सरळ करणार कोण? आपले चाचा?”

चाचा म्हणजे आमचे सायकलवाले. पंक्चर काढण्यात, चाकाचा आऊट काढण्यात, कॉटर पिन ठोकण्यात त्यांचा हात धरणारा नाही. एखादी तार सैल असेल तर ती ते बोटाने छेडून आवाजावरून ओळखतात. पण गिअरची सायकल आली की लांबूनच हात जोडतात. नानांचा सिद्धांत असा, की सायकल पसंत करण्याआधी तिचा मिस्त्री पसंत करावा. बायकोचं माहेर जवळ असलेलं बरं की लांब यावर मतभेद असू शकतात, सायकलचं माहेर जवळच हवं. हे मला पटलं. नानांचं सगळंच पटतं, हीच त्यांच्याबाबतीतली अडचण आहे.

पुढची मोठी पायरी म्हणजे शॉकअप. मला पुढे शॉकअप असलेली, जाड टायरची, काळ्या-हिरव्या रंगाची एक सायकल फार आवडली होती. नाना म्हणाले, “आठ हजारांत मिळतं ते शॉकअप नव्हे, स्प्रिंग घातलेलं लोखंड. तू पायडल मारणार, अर्धा जोर तीच पिऊन टाकणार. आणि ती रानातली टायरं डांबरावर भुंग्यासारखी घोंघावतात. गावात शिरलास की कुत्री मागे लागतील.” मडगार्ड नाही हे मी लपवलं होतं, तेही त्यांनी काढलंच. “मडगार्ड नसलेली सायकल कोकणात चालवणाऱ्याच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. मानेपासून खालपर्यंत. खारीला रामाने दिला तसा.”

मग नानांनी चोपडी काढली. ही चोपडी म्हणजे गोदीतल्या स्टॉक रजिस्टरची धाकटी बहीण. अनुक्रमांक, तारीख, मेक, फ्रेम, चाक, वजन, दाते, शेरा, असे रकाने. दाते म्हणजे पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे. नाना ते खरंच मोजतात. “पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. सव्वीस इंची चाक. एका पायडलला पाच मीटर. तुझ्या तब्येतीला बरोबर.” मी माझ्या तब्येतीकडे पाहिलं. पाच मीटरची वाटत नव्हती.

एवढं ज्ञान असलेल्या माणसाने स्वतःची सायकल अजून का घेतली नाही? इथे नानांची खरी उंची दिसते. न घेण्याचं प्रत्येक वर्षाचं कारण त्यांच्याकडे तारखेनिशी आहे, आणि त्यातलं एकही खोटं नाही.

पहिली दोन वर्षं अॅटलास की हीरो यात गेली. नानांचा कल अॅटलासकडे. त्यांच्या वडिलांकडे अॅटलास होती, दांडीची, चोवीस इंची फ्रेमची. दांडीच्या खालून पाय घालून कैचीने ती चालवताना फुटलेल्या कोपराची खूण नाना अजून दाखवतात. शेवटी मनाचा हिय्या करून अॅटलासच, असं ठरलं. तेवढ्यात अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. तारीख ३ जून २०२०. नेमका जागतिक सायकल दिन. “मी विचार करत होतो तोवर कारखानाच गेला,” असं नाना सांगतात. त्यात खंतीपेक्षा सुटकेचा सूर जास्त असतो, असं माझं मत आहे.

मग हीरोचा विचार सुरू झाला, तर जुलै २०२१ उजाडला. त्या पुरात महाडची काय दशा झाली ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाजारपेठेतल्या दुकानांतून पुढे कितीतरी दिवस चिखल निघत होता. त्याची थट्टा नानाही करत नाहीत. पाणी ओसरल्यावर फावडं घेऊन महाडात गेलेल्यांत ते होते. फक्त महिनाभराने एकदा हळूच म्हणाले, “घेतली असती तर गेली असती.”

आणि त्यानंतरचं ताजं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला. त्या दिवशी नानांनी काकींना गोड करायला सांगितलं. “सात टक्के वाचले,” म्हणाले. दमडी न खर्चता सात टक्के वाचवणारा हा पंचक्रोशीतला एकमेव गृहस्थ. काकींनी शिरा केला, पण रवा चाळता चाळता एवढं बोलल्याच : “साखर कमी करायला सायकल, आणि सायकल नाही म्हणून शिरा.”

अखेर आम्ही महाडला गेलो. दुकानात नाना शिरताच मालकाला आत काहीतरी काम आठवलं. नाना शांतपणे एकेक सायकल उचलून वजन घेत होते. चाक अधांतरी फिरवून ब्रेकच्या रबरापाशी डोळा लावत होते, आऊट दिसतो का म्हणून. मला एका सायकलवर बसवलं, टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवायला लावली आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. “सीट खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघे घेऊन आमच्या कुंडावर येतात,” हे दुकानातल्या पोराला उद्देशून. दांडीवर उभं करून मधली फट दोन बोटांनी मोजली तेव्हा दोन गिऱ्हाइकं खरेदी सोडून बघत उभी राहिली. नंतर त्यांनीही नानांकडून स्वतःची फट मोजून घेतली.

शेवटी बिनगिअरची, सव्वीस इंची, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटी असलेली एक करड्या रंगाची सायकल निघाली. सात हजारांच्या आत. काळी-हिरवी दाराशीच उभी होती, मी तिच्याकडे बघणं टाळलं. वाचलेल्या पैशांतून नानांनी मला हवेचा पंप घ्यायला लावला आणि दुकानदाराकडून लिहून घेतलं, की महिनाभराने तारा आणि ब्रेकच्या वायरी फुकट आवळून देणार. नवी सायकल महिन्याने ढिली पडतेच, आणि लोक तिला त्याच महिन्यात नावं ठेवायला लागतात.

पैसे देऊन मी बाहेर येतो तो नाना सीटवर.

“घरापर्यंत ट्रायल घेतो. काही आवाज तीन किलोमीटरनंतरच येतात.”

मी मिनिडोरने आलो.

पुढचं मला हळूहळू कळत गेलं. गावातल्या शाळेच्या गुरुजींची सायकल, मुंबईहून सुट्टीत आलेल्या पुतण्याची, सातवीतल्या पोराला वाढदिवसाला मिळालेली आणि नानांच्या गुडघ्यांना हनुवटीजवळ नेणारी लहान चाकांची, या सगळ्या चोपडीत नोंदलेल्या आहेत. प्रत्येकीची ट्रायल झाली आहे. ट्रायल पहाटे साडेपाचला सुरू होते. “जरा चेन बघतो,” म्हणून नेलेली सायकल परत येते तेव्हा चेनला तेल असतं, हवा भरलेली असते, आऊट काढलेला असतो आणि सूर्य बराच वर आलेला असतो. ज्याची सायकल त्याने तक्रार करावी तर कशाची? उलट चाचाच एकदा कुरकुरले, की विचारे नानांमुळे माझा धंदा बसला.

डॉक्टरांच्या मते नानांची साखर आता ताब्यात आहे. “कोणती सायकल घेतलीत?” असं त्यांनी कौतुकाने विचारलं, तेव्हा नाना काय म्हणाले ते सांगायला नको.

माझी करडी सायकल उत्तम आहे. आजवर कुरकुर नाही, कटकट नाही. हे मी नानांच्या चोपडीतला शेरा वाचून सांगतोय. तिच्यापुढे आतापर्यंत एकोणीस ट्रायली लिहिल्या आहेत, माझ्या स्वतःच्या चकरा चार भरतील. पंपही त्यांच्याच पडवीत असतो, कारण अख्खा गाव हवा भरायला तिथेच येतो.

तेव्हा सायकल घेऊन सवला येणार असाल तर जरूर या. कुंडावर पाय सोडून बसा, थकवा जातो. सायकल चोरीला जाईल ही भीती इथे नाही. तरी कुलूप लावा आणि चावी खिशात ठेवा.