आधी भिंत बघा

दिवाळीच्या सवलतीत बॅटरीचं ड्रिल घेणारा व्होल्ट बघतो, किंमत बघतो, पेटीत बिट किती आहेत ते मोजतो. भिंत बघत नाही. आणि ड्रिल अडतं ते भिंतीपाशीच.

पुण्या-मुंबईतले पुष्कळसे नवे टॉवर मिवान पद्धतीचे. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, म्हणजे हॉलमधली साधी भिंतसुद्धा सळईचं काँक्रीट. तिथे 12 व्होल्टचं ड्रिल वरवर कुरतडत बसतं, मग त्यावर 'हॅमर' का लिहिलेलं असेना. त्यातला हॅमर म्हणजे दोन दातेरी चकत्यांची खडखड. ती विटेला पुरते. काँक्रीटला पिस्टनचा ठोका देणारं रोटरी हॅमरच हवं. तुमची भिंत कुठली? सुताराने शेवटचं भोक पाडलं तेव्हा खाली काय सांडलं ते आठवा. प्लॅस्टरमागून लाल पूड आली तर वीट, पांढरी आली तर हलका एएसी ब्लॉक, शेवटपर्यंत करडीच येत राहिली तर काँक्रीट.

व्होल्टच्या आकड्यांत तर उघड फसवणूक चालते. लिथियम-आयनचा एक सेल 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2 चा. असे पाच सेल म्हणजे 18, भरल्यावर 21. म्हणजे 18, 20 आणि 21 ही एकाच बॅटरीची तीन नावं. इथवर ठीक. पण 48 किंवा 88 छापलेल्या स्वस्त मशीनमध्येही बऱ्याचदा तेच पाच सेल निघतात, आणि हे आपण खपवून घेतो. ज्या पेटीवर अँपिअर-अवर आणि न्यूटन-मीटर दिलेले नाहीत, ती दुकानातच ठेवून या.

घरचं ड्रिल वर्षातून चारदा बाहेर निघतं. एरवी माळ्यावर, स्लॅबखालच्या उकाड्यात. उतरलेली लिथियम बॅटरी अशी पडून राहिली की मरते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. आमच्याकडे असंच एक मशीन आहे: मोटर ठणठणीत, बॅटरी कुठेच मिळत नाही.

पडद्याचे रॉड, फोटो, एखादी फळी, एवढंच काम असेल आणि भिंत विटेची असेल, तर वायरचं 13 मि.मी. इम्पॅक्ट ड्रिल घ्या. अडीच-तीन हजारांत चांगलं मिळतं आणि त्यात मरायला बॅटरीच नाही. फर्निचर जुळवायचं, बिजागऱ्या बसवायच्या, तर मात्र बॅटरीचंच. 12 व्होल्ट, दोन बॅटऱ्या, सर्व्हिस सेंटर आपल्या गावात, आणि चकमागे आकड्यांची क्लच-रिंग हवीच. तिच्यामुळे स्क्रू वेळेवर थांबतो, प्लायमधली पकड सुटत नाही.

मिवानच्या इमारतीत प्रत्येकाने स्वतःचं ड्रिल घेणं हा पैशांचा चुराडा आहे. सोसायटीने एक रोटरी हॅमर घेऊन ऑफिसात ठेवावं. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा.