अभिमानाच्या पुढचं वाक्य

राष्ट्रीयत्वाचा अभिमान बाळगण्यात काही अर्थ आहे का? आहे. पण तो कमवावा लागतो, आणि आपल्याकडे सध्या तो फुकट वाटला जातोय, म्हणून हे लिहितोय.

जन्मगावासाठी कुणी अर्ज केलेला नसतो. पेणच्या दवाखान्यात जन्मलेलं पोर भारतीय ठरतं ते आईबापांमुळे. त्यात त्याचं कर्तृत्व शून्य. मग जे आपण केलंच नाही त्याची कॉलर ताठ कशासाठी, असं कुणी विचारलं की दोन मिनिटांत त्याला पाकिस्तानात धाडायला निघालेले लोक पुढे येतात. प्रश्न रास्त आहे. रास्त प्रश्नाला धमकी देऊन भागत नाही.

पेणच्या गणपतीपासूनच सुरुवात करू. शाडू माती येते गुजरातेतून, प्लास्टर राजस्थानातून. तरी हमरापूर, जोहे, कळव्याच्या कारखान्यांतून निघालेली मूर्ती पेणची म्हणून मुंबई-पुण्यात विकली जाते, परदेशात जाते, कारण तिच्यावरचा हात पेणचा असतो. आखणी करणारा कारागीर एकदा जवळून बघा. साच्यातून काढलेली, घासलेली, अंगाला रंग चढलेली मूर्ती त्याच्यापुढे येते तेव्हा तिला नजर नसते. तो मनगट टेकवतो, बारीक कुंचल्याने भुवई ओढतो, मग पापणीची कड, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. रेघ केसभर सरकली तर मूर्ती तिरळी दिसते आणि त्या जागी पुन्हा रंग लावून नव्याने सुरुवात करावी लागते. हा माणूस म्हणाला की मला पेणचा असल्याचा अभिमान आहे, तर त्याचा शब्द मी खाली पडू देणार नाही. ज्याने आयुष्यात कुंचला धरला नाही, एका कारागिराची मजुरी वाढावी म्हणून तोंड उघडलं नाही, तोही तेच वाक्य त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हणतो. त्या आवाजाला काय किंमत द्यायची?

गावाचं झालं, आता देशाचं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं बेने इस्रायली या कोकणातल्या यहुदी समाजातही आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असं ते परंपरेने सांगत आले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. पेणला त्यांचं प्रार्थनालय उभं राहिलं. घरात बोलणं मराठीत. नवस फेडायचा तर मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. 1948 नंतर यातली बहुतेक घरं इस्रायलला गेली.

पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीचं नाव प्रार्थनेत घेतलं तिथे पोचल्यावर काय झालं? राष्ट्रीयत्व मिळालं, मान मिळाला नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच काही जणांनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं. पुढे 1960 च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी आई-आजीच्या कुळाची चौकशी लावली. हे खरे यहुदी का, असा धर्मपीठाचा सवाल होता. कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या माणसांनी आता दाखला आणायचा! माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेमला ठिय्या दिला, आणि 1964 मध्ये बेने इस्रायली सर्व अर्थांनी यहुदीच आहेत असं तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं. आज त्यांच्यातला एखादा रोहेकर मी इस्रायली आहे असं छाती काढून म्हणत असेल तर मला ते पटतं. पासपोर्ट त्याच्या आजोबांना विमानतळावर मिळाला असेल, पण छाती काढायचा हक्क त्यांनी भांडून घेतलाय. आणि याच लोकांनी त्या देशात 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. एका देशाचा अभिमान धरायचा तर दुसरी ओढ कापून टाकावी लागते, असं सांगणाऱ्यांनी याकडे जरूर बघावं.

याच गोष्टीचा आपल्या बाजूचा भाग मला जास्त टोचतो. भारतात यहुद्यांचा छळ झाला नाही, हे आपण भाषणांत फार अभिमानाने सांगतो. बेने इस्रायली स्वतःही ते कृतज्ञतेने सांगत आले. पण ते श्रेय कुणाचं? शनिवारी बंद असलेल्या घाण्यापुढे ज्यांनी कटकट केली नाही, त्या पेण-अष्टमीच्या माणसांचं. त्यांना जाऊन जमाना झाला. आज आपण काय करतो? खोली भाड्याने द्यायची वेळ आली की आधी आडनाव विचारतो आणि मग खोली गेली म्हणून सांगतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यात राबायला आलेला बिहारचा, ओडिशाचा मुलगा आपल्याच देशाचा नागरिक. त्याचा पासपोर्ट आणि आपला पासपोर्ट एकच. त्याला आपण नावाने हाक मारत नाही, 'ए भय्या' म्हणतो. पणजोबांच्या मोठ्या मनाचा अभिमान पणतवाच्या तोंडी शोभायला पणतवाचं मन निदान त्याच्या निम्मं तरी असावं.

पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांशी नातं असलेल्या तीन माणसांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1958 मध्ये विनोबा भावे, जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. लगेच 1959 मध्ये चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म महाडजवळच्या नात्याचा, बालपण रोह्यात गेलेलं. 1996 मध्ये रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले. आपल्या भागातल्या कुठल्याही व्याख्यानमालेत ही नावं येतात आणि टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांनी या माणसांचं म्हणणंही ऐकावं. 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून निवडलं ते विनोबांना. देशासाठी तुरुंगात गेलेल्या त्या माणसाने पुढे लोकांना घोषणा दिली ती 'जय जगत्'ची. त्यांच्या देशप्रेमावर शंका घ्यायची कुणाची टाप नाही, आणि तरीही देशाच्या सीमेवर त्यांचं प्रेम थांबलं नाही. आठवल्यांचा जन्मदिवस, 19 ऑक्टोबर, त्यांचे अनुयायी मनुष्य गौरव दिन म्हणून पाळतात. गौरव माणसाचा. त्यात देशाचं नाव नाही, जातीचं नाही.

चिंतामणरावांची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते आजच्यासाठी सगळ्यात कामाची. इंग्रजांच्या नोकरीत आयसीएस, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1950 पासून स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री, 1952 ला कुलाब्यातून लोकसभेवर. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरलं, मुंबईत निदर्शकांवर गोळीबार झाला, तेव्हा 1956 मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. लोकसभेत उभं राहून निर्णयाच्या पद्धतीवर आणि गोळीबाराची चौकशी टाळल्याबद्दल सरकारला सुनावलं. सरकार आपलंच, पक्ष सत्तेतला, पंतप्रधान नेहरूंसारखा लोकप्रिय. गप्प बसायला याहून चांगली सोय नव्हती. ते गप्प बसले नाहीत. आपल्या देशाच्या सरकारने केलेल्या चुकीची त्यांना लाज वाटली, आणि ती वाटली म्हणूनच त्यांच्या देशाभिमानावर माझा विश्वास बसतो.

कारण अभिमान आणि लाज ही एकाच खात्यात असतात. बापाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढलं की इतर हक्कांच्या रकान्यातला सोसायटीचा बोजाही आपलाच होतो. जमीन माझी, बोजा त्यांचा, असं तलाठी लिहून देत नाही. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आमचा, असं म्हणायचं असेल तर 2010 मध्ये बुडालेली पेण अर्बन बँकही आमचीच. लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे तिच्यात अडकले. भाजी विकून, मूर्ती रंगवून, पेन्शनमधून वाचवून ठेवलेले. अनेकांचं म्हातारपण मोर्चे काढण्यात गेलं. चिंतामणरावांच्या नावाला टाळी देणारे किती हात त्या मोर्चात दिसले? शिवाजी महाराजांचा रायगड आमचा म्हणायचं, मग धाटावच्या सांडपाण्याने नासलेली कुंडलिका कुणाची? मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर रुंदीकरण 2011 साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या खड्ड्यांतून जाणाऱ्या गाड्यांच्या काचेवर देशाभिमानाची स्टिकरं लावलेली असतात. खड्ड्यात गाडी आदळली की तोच चालक शिवी घालतो, 'हा देश सुधारायचा नाही'. सकाळी गर्व, संध्याकाळी तुच्छता. दोन्हींत तो स्वतः कुठेच नाही. देश म्हणजे दुसऱ्या कुणीतरी चालवायची गोष्ट!

अभिमानाने माणूस आंधळा होतो म्हणून तो टाकूनच द्यावा, असं म्हणणारेही आहेत. मला ते मान्य नाही. जो म्हणतो मला कुठल्याच देशाचं काही वाटत नाही, त्याला कुठल्याच देशाची लाजही वाटत नाही, आणि लाज नसलेला माणूस कुणाच्याच उपयोगाचा नाही. विनोबांनी जगाचा जयजयकार केला तो गावोगाव पायी फिरून, भूमिहीनांसाठी जमीन मागून. घरात बसून जगाचा नागरिक होणं सोपं आहे.

आपण सगळ्यांनी शाळेत उभं राहून प्रतिज्ञा म्हटली आहे. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने ती 1962 मध्ये लिहिली. त्यात देशाच्या परंपरांच्या अभिमानाचं एक वाक्य आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या लगेच पुढचं वाक्य त्या परंपरांना शोभेल अशी पात्रता अंगी यावी म्हणून धडपडण्याचं आहे. सुब्बारावांनी नुसता अभिमान दिला नाही, त्याला अट घातली. आपण अटीच्या आधीच थांबतो आणि हात खाली घेतो.

ही अट पाळलेली माणसं मी पेणमध्ये पाहिली आहेत. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, उरण, पनवेलची हजारो एकर जमीन जाणार होती. सेझच्या 2005 च्या कायद्याने अशा क्षेत्राला कामकाजापुरतं देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचं मानलं होतं. म्हणजे भातखाचर तिथेच राहणार, पण कायद्याच्या लेखी हद्दीपलीकडे जाणार. शेतकऱ्यांनी लढा दिला, एन. डी. पाटलांसारखे नेते पाठीशी उभे राहिले, आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला जमिनीवर शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. नऊवारीतल्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्यातली कुणी राष्ट्रवादावर बोलली नाही. आपली जमीन, आपलं मत, आपली चिठ्ठी, आणि बोटाला शाई. पुढे संपादनाची मुदत टळली आणि जमीन शेतकऱ्याकडे राहिली. भारतीय असण्याचा अर्थ मला त्या रांगेत जितका कळला तितका कुठल्याही भाषणात कळला नाही.

म्हणून एक विनंती. 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला झेंडावंदन होतं, जिलेबी वाटली जाते आणि मैदान रिकामं होतं. त्याच सुमाराला ग्रामसभा असते. तिला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमत नाहीत म्हणून कितीतरी गावांत सभा तहकूब होते आणि विषय मागच्या पानावरून पुढे चालू राहतात. या वेळी जिलेबी खाऊन थांबा. पंचायतीच्या खर्चाचा हिशेब मागा, गटाराचं विचारा, शाळेच्या छपराचं विचारा. आणि जानेवारीची सभा असेल तर आणखी एक करा. आपल्या पेण-रोह्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. 26 जानेवारीला ती गावात नसतात. त्यांच्या वाडीच्या पाण्याचा विषय तुम्ही काढा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय उठू नका.