डीनसाहेबांची जीभ

धर्मगुरू म्हटला की डोळ्यांपुढे सोवळ्यातली मूर्ती येते. हे शिवायचं नाही, ते खायचं नाही. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेचे डीन रेव्हरंड विल्यम बकलंड यांना मात्र ओवळं म्हणजे काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. देवाने घडवलेली सारी प्राणिसृष्टी एकदा खाऊन बघायची, हा त्यांचा पण. टोस्टवरचे उंदीर त्यांच्याकडे पाहुण्यांनाही मिळत. मातीत बिळं करणारा मोल सगळ्यांत बेचव, असं त्यांचं मत होतं. मग निळी माशी चाखली आणि मोलची बढती झाली. फ्रान्सच्या राजाचं जपून ठेवलेलं हृदयही त्यांनी गिळलं म्हणतात. मला ते काही खरं वाटत नाही, पण अशी अफवा उठायलाही माणसाने आधी थोडं नाव कमवावं लागतं.

तसं त्यांचं खरं नाव दगडांत होतं. ऑक्सफर्डला ते भूविज्ञान शिकवत. १८२४ साली त्यांनी मेगॅलोसॉरस या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा ‘डायनोसॉर’ हा शब्द जन्माला यायला १८ वर्षं होती. त्याआधी यॉर्कशायरच्या कर्कडेल गुहेत हत्ती-गेंड्यांच्या हाडांचा खच सापडला होता. पुराने वाहून आणला असेल, असं म्हणून मोकळं होण्याची चांगली सोय होती. यांनी काय केलं, तर जिवंत तरसाला हाडं चारली आणि दातांच्या खुणा ताडून पाहिल्या. गुहा तरसांचीच निघाली. नोहाच्या पुरावर त्यांची श्रद्धा होती, तरी पुढे पुरावा फिरला तसा त्यांनी त्या पुराचा भूगर्भातला दावाही सोडून दिला. पगार चर्चचा असताना हे सोपं नसावं.

मला कौतुक मात्र त्यांच्या पत्नीचं, मेरीबाईंचं. वालुकाश्मावरचे जुने ठसे कासवाचे असावेत, असं एका रात्री नवऱ्याच्या डोक्यात आलं. बाईंना उठवलं. त्यांनी खाली जाऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर कणीक तिंबली, साहेबांनी बागेतलं कासव आणलं आणि कणकेवरून चालवलं. ठसे जुळले! आमच्याकडे रात्री कणीक मागितली असती, तर ठसे दुसरीकडेच उमटले असते.

१८४५ साली पंतप्रधान पील यांनी त्यांना डीन केलं. एवढ्या मानाच्या जागेवर बसून साहेबांनी हात घातला तो तुंबलेल्या गटारांना. अश्मीभूत विष्ठेला ‘कॉप्रोलाइट’ हे नाव देणाऱ्या आणि तिचे तुकडे जडवलेलं टेबल घरात ठेवणाऱ्या माणसाला गटाराचं काय वाटणार?

१८५६ मध्ये ते गेले. इस्लिप गावात त्यांच्यासाठी थडगं खणायला घेतलं, तर कुदळ अडली. खाली ज्युरासिक काळातला चुनखडक होता. शेवटी सुरुंग लावावा लागला.