माझा झालाय तो!

पहाटे साडेचार वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादा माणूस नखशिखान्त हिरव्या चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत, गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर हातभर लांबीची पांढरीशुभ्र लेन्स अडकवून डिकीत थर्मास शोधताना दिसला, तर वॉचमनला हाक मारू नका. तो पक्षीनिरीक्षक असतो. हिरवे कपडे पक्ष्यांना दिसू नयेत म्हणून, आणि पांढरी लेन्स बाकीच्या पक्षीनिरीक्षकांना दिसावी म्हणून. लेन्सची खरी किंमत घरात एकालाच माहीत असते.

आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थांना सगळे लायफरकाका म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी म्हणजे लायफर. भारतात पक्ष्यांच्या साडेतेराशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या किती आपल्या यादीत आल्या, यावर काकांचा रक्तदाब चढतो-उतरतो. नोकरी बँकेत झालेली. लेजर जुळल्याशिवाय घरी न जाण्याची सवय निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या वाट्याला आली. पक्षी दिसला, फोटो निघाला, यादीत चढला, की खातं बंद. मग तो पुढ्यात येऊन नाचला तरी काका मान वळवत नाहीत. "माझा झालाय तो," एवढंच म्हणतात. मुली एकेक करून उजवत आणलेल्या बापाच्या सुरात ते हिशेब सांगतात, "नवरंग झाला, महाधनेश झाला, मेळघाटात रानपिंगळा झाला. आता माळढोक तेवढा राहिलाय."

रानपिंगळ्याची गोष्ट मात्र काकांकडूनच ऐकावी. 1884 नंतर 113 वर्षं हे छोटं घुबड कुणाला दिसलंच नव्हतं. माइनर्ट्झहागन नावाच्या एका इंग्रज कर्नलाने 1914 साली गुजरातेत मारल्याचा नमुना मिरवला होता. तो निघाला ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला आणि चिठ्ठी बदललेला. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी ती खोटी चिठ्ठी बाजूला सारली, जुन्या नमुन्यांच्या खऱ्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ, भर उजेडात, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. इथवर काका फार रंगवून सांगतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आणि मग शेवट करतात, "मला अर्ध्या तासात मिळाला!"

माळढोकाचं तेवढं सोपं नाही. सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये त्याच्यासाठीच झालं. आता तिथे तो दिसणं ही बातमी होते. निसर्गात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. वर्षाला बहुधा एकच अंडं, आणि इतकं जड पाखरू की समोर विजेची तार आली तर ऐनवेळी वळता येत नाही. समोरचं त्याला नीट दिसतही नाही. हे सगळं काकांना पाठ आहे. सांगताना आवाजही जड होतो. "काय दिवस आलेत हो," म्हणतात आणि फोनवर तिकिटं बघू लागतात. "जाऊन येतो जैसलमेरला. संपायच्या आत घेतलेला बरा."

हिवाळ्यात काकांबरोबर भिगवणला जाण्याचा योग कुणावर येऊ नये. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात. डोकी खाली, चोची उलट्या करून पाण्यात बुडवलेल्या, चिखलपाण्यातून बारीकसारीक जीव गाळून घेण्याचं काम एका तालात चाललेलं. नावाडी बेताच्या अंतरावर इंजिन बंद करतो आणि बांबू हातात घेतो.

"अजून जवळ घे," काका.

"साहेब, उडतील."

"उडू देत ना! फ्लाइट शॉट मिळेल."

नावाडी बांबू रोवून उभा राहतो. "जेवाय बसल्यात ती पाखरं. पंगतीत होडी घालू का?"

काका हे हसण्यावारी नेतात. पण रोहिताला उडायचं म्हणजे आधी पाण्यावर बरंच धावावं लागतं, आणि दिवसातून दहा होड्यांतल्या दहा काकांना फ्लाइट शॉट द्यायचा तर खायचं कधी, हा नावाड्याचा हिशेब आहे. मला विचाराल तर त्या होडीतला खरा पक्षीतज्ज्ञ बांबू धरून उभा होता.

कॉलचा प्रकार तर याहून वाईट. पावसाच्या तोंडावर नवरंग आला की काका झुडपाआड ब्लूटूथची डबी ठेवतात आणि मोबाइलवरून नवरंगाची दोन सुरांची शीळ सोडतात. नर धावत येतो. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. ऐन विणीच्या दिवसांत घरट्याचं बघायचं सोडून तो डबीभोवती भांडत फिरतो. काका फटाफट क्लिक करतात. कुणी खेकसलं की ऐकवतात, "कॉलनं काही होत नाही हो." होतं. फक्त ते फोटोत येत नाही.

मात्र लोकेशनच्या बाबतीत काका पक्के तत्त्वनिष्ठ. ग्रुपवर घुबडाच्या पिल्लांचा फोटो टाकतात, खाली पन्नास जण विचारतात, "कुठे?" उत्तर एकच : "पक्ष्याच्या सुरक्षेसाठी लोकेशन देत नाही." स्वतः मात्र त्या ढोलीसमोर तंबू ठोकून सकाळच्या सकाळी घालवलेल्या असतात. दुसऱ्या कुणाला तोच फोटो मिळू नये, ही सुरक्षा कोणाची ते आपण ओळखावं. तरी लोकेशन न देणं बरोबरच. कारण काही का असेना, एवढं एक वाक्य ते शंभर टक्के शहाणपणाचं बोलतात.

काकू यातल्या नाहीत. त्यांच्याकडे दुर्बीण नाही, यादी नाही. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला शिंजीर मादीनं कोळ्याच्या जाळ्याचे धागे चिकटवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी ती दोरी वापरायची सोडली आणि कपडे बेडरूममधल्या स्टँडवर गेले. घरटं मादी एकटीच विणते, नर नुसता चकाकत गाणी म्हणतो, हे त्यांनी बघून बघून ठरवलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "हो का? माझा झालाय तो." काकू म्हणाल्या, "तुमचा काय व्हायचाय. घरटं बायकोच बांधतेय."

आता एक गोष्ट काकांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. फेब्रुवारीत जगभर चार दिवस अंगणातल्या, परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. कुठंही बसा, निदान पंधरा मिनिटं बसा, आणि दिसलेली झाडून सगळी पाखरं आकड्यांसकट नोंदवा. काका हे करतात, पण वाळीत टाकल्यासारखं तोंड करून. कावळे अकरा, साळुंक्या चार, तांबट एक (हा फक्त ऐकू आला, आणि तोही काकूंनी सांगितल्यावर). पण बँकेची शिस्त आडवी येते. एंट्री अर्धवट सोडत नाहीत. अशाच नोंदींतून 2023 मध्ये देशातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल तयार झाला : तीस हजारांहून जास्त हौशी माणसं, तीन कोटींच्या घरात नोंदी, 942 जातींचं मोजमाप. मोर आणि कोकीळ वाढलेत, हे त्यातून कळलं. आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, तारेवर बसलेला पाहून कुणी गाडीसुद्धा थांबवत नाही असा, जवळपास तीस टक्क्यांनी घटलाय, हेही. नीलपंख काकांचा कधीच होऊन गेला होता. घटतोय हे कळलं ते त्याला पुन्हा पुन्हा लिहून ठेवणाऱ्यांमुळे.

म्हणजे काकांच्या सगळ्या खटाटोपात विज्ञानाला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अकरा कावळे ही आहे. लेन्स तिला लागली नाही, जैसलमेरचं तिकीटही लागलं नाही.

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतील. त्यांना लोकेशन विचारू नका, देणार नाहीत. येत्या फेब्रुवारीत त्यांच्यासाठी गॅलरीत खुर्ची टाका, चहाचा कप हातात द्या, आतून कडी लावून घ्या आणि कावळे मोजून होईपर्यंत दार उघडू नका.